कालचं सांबार, आजचा पाय

गुहागरहून एका शिक्षिकेने विचारलं आहे: "नवा ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) घेतला. मुलांच्या हट्टासाठी चिकन, मशरूम आणि चीज घालून पाय (इंग्रजी 'pie', पारीत सारण भरून भाजतात तो) केला. खर्च बराच आला. वरून छान तांबूस दिसला, पण कापला तर खालची पारी कच्ची आणि चिकट. आमच्याकडे रोज काही ना काही उरतं. उसळ असते, भाजी असते, माशाचं कालवण असतं. ते वापरून स्वस्तात पाय भरता येईल का? आणि तळ कोरडा कसा ठेवायचा?"

ताई, भरता येईल, आणि तुमच्या चिकन-मशरूमपेक्षा चवीला बराही होईल. फक्त 'पाय' या शब्दाची आधी सवय करून घ्या. मी वेंगुर्ल्यात बेकरी सुरू केली तेव्हा फळ्यावर 'आज ताजे पाय' असं लिहिलं होतं. सासूबाईंनी ते वाचून विचारलं, मटणाचं दुकान कधी काढलंस? तेव्हापासून मी फळ्यावर 'भरली पारी' लिहिते. गिऱ्हाइकाला तेच जास्त कळतं. खाली मीही पारी आणि सारण हेच शब्द वापरणार आहे. करंजी करता येणाऱ्या बाईला पायमधलं निम्मं आधीच येत असतं.

आधी तुमच्या खर्चाचं बघू. चिकन आणि चीज महाग, हे उघड आहे. पण सारण घरातलं उरलेलं, म्हणजे फुकट धरलं, तरी पारीतलं लोणी शिल्लक राहतंच. आठ इंची पाय खाली-वर दोन्ही पाऱ्यांचा केला तर २५० ग्रॅम मैदा आणि १२५ ग्रॅम लोणी लागतं. त्यात मैद्याचे पैसे किरकोळ, लोण्याचे खरे. म्हणून स्वस्त पाय करायचा असेल तर पहिली काटछाट सारणात करू नका, तळाच्या पारीत करा. तळाची पारी काढूनच टाका. सारण पसरट भांड्यात भरायचं आणि वर फक्त एक पारी झाकणासारखी घालायची. निम्मं लोणी वाचतं, आणि तळ कच्चा राहायला तळच उरत नाही. हा काही काटकसरीचा देशी जुगाड नाही. इंग्रजांच्या घरात असा वरच्या पारीचा पाय सर्रास होतो, आणि शेफर्ड्स पायमध्ये तर मैदाच नसतो, खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर असतो.

मांस थोडं असलं तर लाज वाटून घेऊ नका. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणकामगारांची पेस्टी प्रसिद्ध आहे. आपल्या करंजीच्याच आकाराची, मुरड घातलेली. तिला २०११ साली युरोपात भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या हापूसला आहे तसं. त्याच्या नियमात गोमांस किमान साडेबारा टक्के आणि भाज्या किमान पंचवीस टक्के एवढंच म्हटलं आहे. म्हणजे एक भाग मांस, दोन भाग बटाटा, कांदा आणि सलगमासारखा एक कंद. मूठभर मांसात घर जेवू घालायचं, हाच तिचा उद्देश. तेव्हा वाटीभर उरलेल्या सुक्यात सहा माणसांचा पाय होतो, हे मनाशी धरून चाला.

आता तळ. पारी कच्ची राहते ती बहुतेक वेळा पाण्यामुळे. सारणातलं पाणी खाली उतरतं, आणि जिथे पाणी आहे तिथलं तापमान ते आटेपर्यंत १०० अंशांच्या वर जात नाही. पारी खुसखुशीत आणि तांबूस व्हायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. वरची पारी मोकळ्या हवेत भाजते, खालची तुमच्या सारणाच्या रसात उकडते. मशरूम तर शिजताना नुसतं पाणीच सोडतात. त्यात आपलं कोकणी जेवण म्हणजे सगळं रस्सेदार. भाताबरोबर ओढून खायचं. त्यामुळे तुम्हाला आधी रश्शाचं सारण करायला शिकायचं आहे. मसाल्याची चिंता करायचं कारण नाही, ती कालच झाली आहे.

माझी परीक्षा सोपी आहे. सारण तयार झालं असं वाटलं की दोन चमचे ताटलीत काढा आणि ताटली एका बाजूने तिरकी करून पाच मिनिटं ठेवा. खाली रसाची रेघ जमली तर अजून आटवा. रेघ जमली नाही, सारण जागचं हललं नाही, तर भरायला हरकत नाही.

आणि भरायचं ते पूर्ण गार झाल्यावर. इथे मी स्वतः आपटले आहे. बेकरीच्या पहिल्याच वर्षी सहलीला आलेल्या एका मंडळाची चाळीस पायची ऑर्डर होती. सकाळी कोंबडीचं सुकं केलं आणि गाडी येईल या घाईत गरमच भरलं. पारीतलं लोणी ओव्हनमध्ये जायच्या आधीच वितळलं, पाऱ्या बसल्या, मुरडी उलगडल्या. चाळीसमधले चौदा देण्याजोगे निघाले. त्या रात्री आमच्या वाडीत घरटी पाय होता आणि भाकरी कुठेच नव्हती. आता सारण परातीत पसरून पंख्याखाली ठेवते. अर्ध्या तासात हाताला गार लागतं.

उरलेल्यातलं सगळ्यांत चांगलं सारण कुठलं, असं मला विचाराल तर डोळे मिटून सांगेन, काळ्या वाटाण्याचं सांबार. मालवणी घरात ते वड्यांबरोबर हमखास होतं आणि हमखास उरतं. दुसऱ्या दिवशी वाटाण्यात मसाला मुरलेला असतो. दोन वाट्या सांबार घ्या. चाळणीतून रस्सा एका कढईत गाळा आणि मोठ्या आचेवर निम्मा करा. भाजक्या वाटपाचा रस्सा आटताना तेल सोडतो, फुटल्यासारखा दिसतो. घाबरू नका. एक मोठा चमचा बेसन कोरडंच खमंग भाजून, थोड्या पाण्यात कालवून त्यात घाला. ते तेल परत धरून ठेवतं आणि रस्सा घट्ट होतो. एकतृतीयांश वाटाणे पळीच्या पाठीने ठेचा, बाकीचे अख्खे राहू द्या. एक मध्यम उकडलेला बटाटा बारीक फोडी करून घाला. शेवटी आच बंद करून एक कच्चा कांदा अगदी बारीक चिरून मिसळा. तो पायमध्येच शिजतो आणि शिळ्या सांबाराला ताजेपणा देतो. हा कांदा विसरू नका. कालच्या जेवणात आजचं काहीतरी एक पडलं पाहिजे, नाहीतर खाणारा पहिल्या घासाला ओळखतो. कांदा नसेल तर कोथिंबीर, हिरवी मिरची, आल्याचा कीस, काहीही.

बटाट्याच्या जागी मे-जूनमध्ये आठळ्या घाला. फणस खाऊन झाल्यावर आठळ्या राखेत किंवा मातीत राखून ठेवणाऱ्या आज्या आता कमी झाल्या. पण उकडून सोललेली आठळी पायमध्ये बटाट्यापेक्षा सरस लागते. ती पिठूळ असते, रस पिते, आणि तिचा लगदा होत नाही. मला तर शेंगदाण्याची आणि बटाट्याची मधली चव वाटते. करांदे, कणगरं हे कंद घरच्या परड्यात होत असतील तर तीही चालतात. सुरण घालायचं तर आमसूल टाकून नीट उकडून घ्या, घशाला खाज नको.

डाळिंब्यांची उसळ, चवळी, मसुराची आमटी यांनाही हाच नियम. डाळिंब्या मऊ असतात, त्या ठेचायच्या नाहीत, आपोआप मोडतात. आमटी मात्र आटवत बसू नका, गॅस जास्त जातो. तिच्यात भाजलेल्या पोह्यांचा भरडा घाला आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. पोहे पाणी पिऊन घेतात.

माशांचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच लोक घाबरतात. बांगडा स्वस्त, चवीला भक्कम, आणि पायमध्ये सुरमईपेक्षा चांगला. सुरमई दुसऱ्यांदा तापली की कोरडी होते. बांगड्यात तेल असतं, तो मऊ राहतो. कालवणातले उरलेले तुकडे थोडे कोमट करा, मगच काटे काढा. गार माशाचे काटे मांसाला चिकटून राहतात आणि बोटांना सापडत नाहीत. काटे काढताना तिरफळंही वेचून काढा. ताटात ती बाजूला सारता येतात, पायमध्ये दाताखाली आली तर जीभ बधिर होते आणि मूल पुन्हा पायला हात लावत नाही. विलायती पुस्तकांत माशाच्या पायला दुधाचा व्हाइट सॉस सांगतात. आपल्याकडे मासे आणि दूध एकत्र खात नाहीत, आणि सासू-सासरे घरात असतील तर तो वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही. नारळाचं दुसरं, म्हणजे पातळ दूध एक वाटी घ्या. त्यात तांदळाची पिठी दोन चपटे चमचे गार असतानाच कालवा आणि मंद आचेवर सतत ढवळत घट्ट करा. खळखळून उकळलं तर नारळाचं दूध फाटतं, पिठी असली की ते बरंच सावरतं. त्यात थोडी हळद, हिरवी मिरची, दोन आमसुलं. पाच मिनिटांनी आमसुलं काढून टाका आणि बांगड्याचे तुकडे हलक्या हाताने मिसळा. त्यावर पारी नको, कुस्करलेल्या बटाट्याचा थर द्या. बटाट्यात लोण्याऐवजी चमचाभर खोबरेल तेल घातलं तर वास कालवणाशी जुळतो.

माशाच्या पायवरून आठवलं. कॉर्नवॉलमध्येच माउसहोल नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथे २३ डिसेंबरला तारलीसारख्या माशांचा एक पाय करतात, ज्यात माशांची डोकी पारीतून वर काढलेली असतात, आकाशाकडे बघत असल्यासारखी. मी एकदा पेडव्यांचा तसा करून पाहिला. चव उत्तम होती. नातू दोन दिवस स्वयंपाकघरात आला नाही.

पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, सुकटीचा पाय. याला उरलेलं काही लागत नाही, आणि एवढ्या कमी पैशात एवढी चव देणारं सारण मला दुसरं माहीत नाही. आठ इंची पायला पन्नास ग्रॅम सुका जवळा पुरतो. आधी निवडा. डोकी-शेपट्यांचा भुसा आणि वाळू पाखडून टाका. मग कोरड्या तव्यावर वास बदलेपर्यंत भाजा आणि त्यानंतर झटपट धुऊन पिळून घ्या. उलटं केलं, आधी धुऊन मग भाजलं, तर तो वातड होतो. तीन मोठे कांदे तेलावर गुलाबी करा, लसूण ठेचून, मालवणी मसाला दीड चमचा, दोन उकडलेले बटाटे, आमसूल. मीठ सगळ्यांत शेवटी आणि चाखून, जवळा स्वतः खारट असतो. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. शेजारी विचारायला येतील, तेव्हा चार तुकडे जास्त धरा.

कोलंबी, तिसऱ्या, कालवं हे उरलं तर पायमध्ये घालू नका. दुसऱ्यांदा शिजले की रबर होतात. ते ताजे, कच्चेच घालायचे असतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत एम्पाडिन्या करतात, वाटीएवढे छोटे पाय, कोलंबीचे किंवा डुकराच्या मांसाचे. त्यातलं सारण मुद्दाम त्याच दिवशी केलेलं असतं. ते सणाचं खाणं आहे, उरल्यासुरल्याचं नाही. पण आकार मात्र त्यांचा घ्या. छोट्या वाट्यांत पाय लवकर भाजतो आणि तळ कमी ओला राहतो.

कोंबडीचं किंवा मटणाचं सुकं उरलं तर मांस हाडांवरून सोडवून बारीक चिरा. बोटाने चाचपून हाडांचे कण काढा, कोंबडीची हाडं मोडून टोकदार होतात. हाडं फेकू नका. दोन वाट्या पाण्यात, अर्धा कांदा आणि चार मिरी टाकून अर्धा तास उकळा, गाळा, वाटीभर होईपर्यंत आटवा. सारण सरबरीत करायला हेच पाणी, आणि दाट करायला एक चमचा मैदा एक चमचा तेलात परतून. मांसाच्या दुप्पट बटाटा-गाजर-मटार घाला. उकडलेली दोन-तीन अंडी अख्खी मध्ये पुरून ठेवली तर कापताना मुलांना गंमत वाटते आणि मांस कमी आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

भाज्यांवर फार वेळ घालवत नाही. कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी, केळफुलाची भाजी उत्तम, जशीच्या तशी भरा. वरून ओलं खोबरं घातलेलं असेल तर ती आधी कोरडी परता. कोबी, दुधी, पडवळ पाणी सोडतात, पिळून घ्या. तांबडा भोपळा गोड असतो, त्याला ठेचा हवा. अळूचं फदफदं आटवून चण्याच्या डाळीबरोबर चांगलं लागतं, पण आटवायला धीर लागतो. भेंडी नको. टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला परतून बटाट्याबरोबर घातला तर श्रावणातसुद्धा चालेल असा पाय होतो. बटाटा, पाव, काजू हे शब्दच आपण पोर्तुगिजांकडून घेतले, तेव्हा श्रावणातल्या पायलाही कुणी हरकत घेऊ नये.

भाताचं वेगळं आहे. उरलेला भात सारणात घालू नका, चिकट गोळा होतो. त्याची तळाची पारी करा. दोन वाट्या भात, एक अंडं, चिमूट मीठ कालवून तेल लावलेल्या भांड्यात वाटीच्या बुडाने दाबून बसवा आणि १८० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं भाजून घ्या. कडा तांबूस झाल्या की सारण भरा. सुरय, म्हणजे न उकडलेल्या तांदळाचा भात नीट धरतो, उकड्याचा मोकळा राहतो आणि फुटतो. लोण्याचा एक कणही न लागता तळ मिळतो. पण हा भात रात्रभर ओट्यावर राहिलेला नको. भात शिजवूनही न मरणारे जंतू त्यात असतात, उबेत ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा तापवल्याने जात नाही. भात उरणार असं दिसलं की पसरून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका.

हेच सगळ्या उरलेल्याला लागू आहे, आणि कोकणात जरा जास्तच. ओल्या खोबऱ्याचं वाटप आपल्या हवेत फार लवकर विटतं. मे महिन्यात सकाळचं कालवण संध्याकाळी आंबलेलं मिळतं. पावसात वीज जाते ती कधी कधी रात्रभर येत नाही, मग फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. अशा रात्रीनंतरचं काही पायमध्ये घालू नका. पारीत झाकलं की वास लपतो, दोष जात नाही. आणि आटवताना सारण एकदा सणसणीत उकळलं पाहिजे, नुसतं कोमट करून भरायचं नाही.

आता पारीकडे येते. पुस्तकातली पारी थंड देशातली आहे. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्या स्वयंपाकघरात तेवढं सहज असतं. मैद्यात गार लोणी बोटांनी चुरायचं असतं, करंजीच्या मोहनासारखं. मूठ वळली तर मुटका होईल आणि बोट लावलं की फुटेल इतपत. २५० ग्रॅम मैद्याला अर्धा चमचा मीठ, १२५ ग्रॅम लोणी, फ्रिजमधलं पाणी साठ ते सत्तर मिली. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं, आणि अर्धा तास फ्रिजमध्ये. हे पहाटे किंवा डिसेंबरात छान जमतं. दुपारी बारा वाजता जमणार नाही, म्हणून दुपारच्या वेळी मी दुसरीच पारी करते.

ती म्हणजे उकडीची पारी. मोदकाची उकड काढता येते ना, मग ही येणारच. १०० मिली पाणी, ८० ग्रॅम वनस्पती तूप किंवा खोबरेल आणि अर्धा चमचा मीठ एकत्र उकळा, २५० ग्रॅम मैद्यावर ओता, चमच्याने कालवा, हाताला सोसेल इतकं झालं की मळा आणि कोमट असतानाच लाटा. इंग्लंडमधला पोर्क पाय अशाच पारीचा असतो. ती भक्कम असते, रस सहज झिरपू देत नाही, आणि उकाड्याने तिचं काही बिघडत नाही. खोबरेल तेल पंचविशीच्या आसपासच वितळतं, त्यामुळे आपल्याकडे ते जवळजवळ वर्षभर पातळच. चुरायच्या पारीला निरुपयोगी, या पारीला मात्र चालतं. वनस्पती तुपाबद्दल लोक बिचकतात ते ट्रान्स फॅटमुळे. २०२२ पासून त्याची मर्यादा २ टक्के केली आहे, तरी रोज खायची वस्तू ती नव्हेच. निम्मी कणीक घेतली तर चव खमंग होते, पाणी चमचाभर जास्त लागतं.

पापुद्रे हवे असतील तर साटा लावा. चिरोट्याला लावतो तसाच, तूप आणि तांदळाची पिठी फेसून. तीन पोळ्या एकावर एक, मध्ये साटा, गुंडाळी, काप, पुन्हा लाटणं. बाजारच्या पफ पेस्ट्रीपेक्षा स्वस्तात काम होतं. मी तर म्हणेन विकतची पफ शीट आणूच नका.

भाजणं. ओटीजीत खालची-वरची दोन्ही कॉइल चालू करून २०० अंशांना पंधरा मिनिटं तापवा, आत खालच्या जाळीवर लोखंडी तवाही तापत ठेवा. पायचं भांडं त्या तापल्या तव्यावर ठेवायचं, तळाला लगेच चटका बसतो. भांडं ॲल्युमिनियमचं किंवा पातळ स्टीलचं. काचेचं आणि सिलिकॉनचं उष्णता सावकाश देतं, शिवाय गार काचेचं भांडं तापल्या तव्यावर तडकतं. तुमचं पहिलं भांडं सिलिकॉनचं असेल तर निम्मा दोष त्याचा. दोन्ही पाऱ्यांचा पाय करायचाच असेल तर तळावर सारण घालण्याआधी भाकरीचा किंवा शिळ्या पावाचा कोरडा चुरा चमचाभर भुरभुरा. वरच्या पारीला मुरड घाला, मध्ये सुरीने तीन चिरा द्या, नाहीतर वाफ मुरडीतून वाट काढते. वरून अंडं किंवा दही-दूध पुसा. वीस मिनिटं २०० वर, मग १८० वर वीस-पंचवीस मिनिटं. भांडं हलवल्यावर पाय त्यात सुटा सरकला की झाला.

ओव्हन नसलेल्यांनाही हे जमतं. आपल्या आज्या तवसाचं धोंडस (मोठ्या काकडीचा केक) करायच्या ते चुलीवर, झाकणावर निखारे ठेवून. वरून धग देण्याची युक्ती कोकणाला नवी नाही. गॅसवर जाड कढईत जाडं मीठ पसरून, तिवई ठेवून, घट्ट झाकणाखाली पाऊण तास मंद आचेवर छोटे पाय होतात. वरून तांबूस होत नाहीत एवढंच. नाहीतर सरळ करंजीच्या आकारात भरून कातण्याने कडा कापा आणि तळा, फक्त सारण अगदी कोरडं हवं, पाण्याचा थेंब तेलात तडतडतो.

मुलांच्या डब्याचं तुम्ही विचारलं नाही, पण हट्ट मुलांचा आहे म्हणून सांगते. डब्यासाठी करंजीच्या आकाराचा, उकडीच्या पारीचा करा, वाटाण्याचा किंवा कुयरीचा. मासे नकोत, डब्यात चार तास उबेत राहतात. रात्री भाजा, तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवा, आणि सकाळी ओव्हनमध्ये किंवा झाकण ठेवून तव्यावर आतून वाफ येईपर्यंत गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये पारी लिबलिबीत होते. मग पुन्हा जाळीवर पूर्ण गार होऊ द्या आणि कागदात गुंडाळून भरा. गरम भरून डब्याचं झाकण लावलंत तर वाफ आतच धरते आणि पावसाळ्यात तर पहिल्या तासालाच पारी सादळते.